फुटवा आल्याशिवाय विक्री नाही

सेक्टर ६, भिलाई
२० फेब्रुवारी २०२३

चिंधूदादा,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. पाकिटावर पत्ता इतका सविस्तर असतो की आमचा पोस्टमन विचारत होता, "हे साहेब अजून नोकरीत आहेत का?" मी सांगितलं, "पोस्टातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, हात तेवढा अजून ड्यूटीवर आहे." तुला फोनवर ऐकू येत नाही, हे एका अर्थी माझ्या पथ्यावर पडलं. नाहीतर या वयात मला पत्र कोण लिहिणार होतं?

टिकारामला जाऊन दीड वर्ष होत आलं. क्वार्टर कंपनीचं आहे, जूनअखेर सोडायचं आहे. तू साकोलीला बोलावतोस, मागच्या खोलीला चुना मारून ठेवलास, वहिनीनं खाट मोकळी केली. तुमचं मन मला कळतं. पण दादा, टिकारामशी लग्न होऊन आले तेव्हापासून मी याच सेक्टरात आहे. लायब्ररीत खिडकीजवळची खुर्ची माझी आहे, तिथं दुसरं कुणी बसत नाही. टिकारामची सायकल आहे. मला ती चालवता येत नाही, तरी दर रविवारी दोन्ही चाकांत हवा भरते आणि बाजाराला जाताना हाताला धरून नेते. हँडलला पिशव्या चांगल्या अडकतात. रस्त्यात लोक थांबून विचारतात, "काकी, पंचर हो गया क्या?" मी म्हणते, "नाही, सोबत आहे."

आता मुख्य गोष्ट. मी आणि शेजारच्या क्वार्टरमधली सून गुंजन, आम्ही दोघी छोट्या वेबसाइट बनवून विकतो. दचकू नकोस. एक लहानसा विषय घ्यायचा, त्यावर वीस-पंचवीस पानं लिहायची. लोक फोनवर काहीतरी शोधत तिथं येतात, वाचतात, बाजूला जाहिराती दिसतात, त्यांचे थोडे पैसे मिळतात. वाचणारे वाढले की ती वेबसाइट आहे तशी दुसऱ्याला विकायची आणि नवी सुरू करायची. तिचा बाजारही इंटरनेटवरच भरतो. ढाचा गुंजन उभा करते, मजकूर मी लिहिते. पहिली कूलरवर केली होती. कूलरला वास का येतो, पाणी कुठून गळतं, असं सगळं. गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या तोंडाला ती विकली गेली.

म्हणून जूनपर्यंत थांब. तोवर दोन खोल्यांचं भाडं निघेल एवढी दरमहा कमाई या कामातून सुरू झाली, तर मी इथंच राहीन. नाही झाली, तर गाठोडं बांधून साकोलीला येईन आणि कुरकुर करणार नाही. कबूल आहे का ते कळव.

तुझी,
सत्यशीला


मु. पो. साकोली, जि. भंडारा
२ मार्च २०२३

चि. सत्यशीला हिस,
जयभीम व मंगल कामना.

तुझे पत्र पाचव्या दिवशी मिळाले. हा मार्ग दोन दिवसांचा आहे. मी तक्रार दिली आहे.

मजकूर वहिनीस मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाई आता हवा विकून राहिली का?" मी तिला गप्प केले, परंतु शंका रास्त आहे. जन्मभर मी मनीऑर्डरी वाटल्या. समोरच्याचे तोंड पाहिल्याशिवाय आणि सही-अंगठा घेतल्याशिवाय पैसा हातातून सोडला नाही. तुझी कूलरची वेबसाइट घेणारा इसम कोण? त्याचे घर पाहिले काय? घरी कोण कोण आहे? मुलगी दिली नाही हे मला समजते, पण काहीतरी दिलेच ना.

आमच्या मोहितच्या फोनवर मी ती वेबसाइट उघडून पाहिली. केवळ तपासणी म्हणून. कूलरच्या चित्राखाली गुडघेदुखीचे तेल विकायला ठेवले आहे. तुझे नाव अजून तिथेच आहे.

जूनची मुदत कबूल. माझी अट एक. यापुढे माणूस पाहिल्याशिवाय काही द्यायचे नाही.

खोली उत्तम झाली आहे. खिडकी पूर्वेला. पंखा नवीन आणला, अजिबात आवाज करत नाही असे दुकानदार म्हणाला.

तुझा,
चिंधूदादा


सेक्टर ६, भिलाई
१९ मार्च २०२३

चिंधूदादा,
जयभीम.

गुडघ्याचं तेल मी पाहिलं. दिवसभर जेवण गेलं नाही. गुंजन म्हणाली, "काकी, बेच दिया तो बेच दिया. पीछे मुड़कर नहीं देखते." पण आमच्या सेक्टरात असं नसतं. इथं क्वार्टर कुणाच्याच मालकीचं नाही, म्हणून सोडणारी बाई येणारीला हाताला धरून फिरवते. हा नळ वर ढकलला की बंद होतो, या खिडकीतून मांजर येतं, हा पेरू अमक्यांनी लावला. लावणारे कुठंही बदलून गेले तरी मोसमातला पहिला घमेला त्यांना पोचवायचा, ही रीत आहे. आमच्या अंगणातल्या पेरूचा पहिला घमेला मी वर्षानुवर्षं रेड्डीबाईंकडं पोचवला. त्या दरवर्षी म्हणायच्या, "या वर्षी गोडी कमी आहे, पाणी कमी घातलंत." असं सोडायचं असतं.

तुझी अट मान्य.

नवी वेबसाइट मुनग्यावर आहे, पुस्तकात ज्याला शेवगा म्हणतात तो. टिकारामनं मागच्या अंगणात लावलेल्या झाडाचीच सगळी माहिती आहे. फुलं का गळतात, केसाळ अळ्या पडल्या तर काय करायचं, पाल्याची भाजी कडू कशानं होते. मी मराठीत लिहिते, गुंजन त्याचं हिंदी करते. दोन्ही ठेवलंय. खाली वाचक प्रश्न विचारतात आणि मी उत्तरं देते. वाचणारे कूलरपेक्षा चौपट आहेत. अळीला उन्हाळा-पावसाळा नसतो.

त्यात तुमच्या साकोलीचेच एक गृहस्थ आहेत, शामसुंदर म्हणून. रोज विचारतात. काल त्यांनी लिहिलं, "मुनग्याची फांदी कोणत्या जाडीची लावावी, ते सत्वर कळवावे." सहीखाली पूर्ण पत्ता, पिन कोडसकट. मी कळवलं, मनगटाएवढी. तुझ्या ओळखीचे आहेत का?

सत्यशीला


साकोली
३० मार्च २०२३

चि. सत्यशीला,
जयभीम.

शामसुंदर नावाचा इसम माझ्या बीटमध्ये कधी नव्हता. साकोली आता फार वाढली आहे. त्याचा प्रश्न मात्र समंजस वाटतो. तुझे उत्तर मोघम आहे. मनगट कोणाचे? वहिनीचे आणि माझे यात फरक आहे.

मोहित कामानिमित्त पुढच्या महिन्यात भिलाईस येत आहे. त्याच्यापाशी मुनग्याची एक फांदी द्यावी. मनगटाएवढी, पुरुषाच्या. वहिनीस सरपणाला पाहिजे.

चिंधूदादा


सेक्टर ६, भिलाई
२६ एप्रिल २०२३

चिंधूदादा,
जयभीम.

मोहित फांदी घेऊन गेला. साकोलीत सरपण मिळेनासं झालंय हे माहीत नव्हतं. जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली. तो सांगत होता, कंडक्टरनं तिचं वेगळं तिकीट फाडलं.

आता ऐक, मुनग्याला गिऱ्हाईक आलं. भूपेंद्र नाव, कुम्हारीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. रिकाम्या वेळात अशा वेबसाइट घेतो, वाढवतो, विकतो. आपल्याकडचेच, आजोबा तुमसरहून आलेले. मी कळवलं, आधी घर बघायला येऊ. गुंजन म्हणाली, "काकी, ऐसा कोई नहीं करता." मी म्हटलं, "मग आपण पहिल्या."

बसनं गेलो. त्याच्या आईनं पोहे केले होते. वडील नाहीत, मायलेक दोघंच. भूपेंद्र नवा शर्ट घालून समोर बसला. घाम पुसत म्हणाला, "मैंने सब देख लिया है काकी. आने वाले लोग, कमाई, सब बढ़िया. आज ही ले लेता हूँ."

मी विचारलं, "झाड कुठं आहे?"

"कौन सा झाड?"

"मुनग्याचं."

तो गुंजनकडं बघायला लागला. गुंजन भिंतीकडं.

"वेबसाइट में झाड थोड़ी लगता है, काकी."

"उद्या कुणी विचारलं, अळी पहाटे झाडावर कुठं बसते, तर तू काय सांगशील? खोक्याचं माप?"

मी तिथंच सांगून टाकलं. माझ्या झाडाची फांदी देते, ती अंगणात लाव. फुटवा आल्याशिवाय विक्री नाही. गुंजननं माझा पाय दाबला, मी तो काढून घेतला.

त्यावर त्याची आई आतून आली. "दारात मुनगा नको बाई. मुनग्यावर भुतं राहतेत."

मी म्हटलं, "राहत असतील. माझा नवरा रात्रपाळी करून कोळशानं काळा होऊन यायचा आणि त्याच झाडाखाली तोंड धुवायचा. इतकी वर्षं मी त्याच भुतासंगं संसार केला. आता ते पण येत नाही."

तिनं पोह्यांचं पातेलं पुढं ओढलं. मग म्हणाली, "टाकीमागं लावू. अजून पोहे घ्या."

येताना गुंजन बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. टाटीबंधच्या स्टॉपवरूनच भरून आलेल्या बसच्या गर्दीत उभी राहिली, पण माझ्या शेजारी बसली नाही. अशा अटीवर धंदा होत नाही हे मलाही समजतं. जून जवळ आलाय हेही समजतं.

सत्यशीला


साकोली
८ मे २०२३

चि. सत्यशीला,
जयभीम.

तुझे करणे योग्य आहे. पाहणी नियमानुसार झाली.

सरपण उत्तम आहे. रोज सकाळी पाणी घालतो. म्हणजे त्यावर धूळ बसू नये म्हणून.

गुंजन हिला माझ्या वतीने सांगावे की रजिस्टर पत्र पावतीशिवाय देत नाहीत, म्हणून पोस्ट ऑफिस बंद पडले नाही.

खोलीत आरसा लावला.

चिंधूदादा


सेक्टर ६, भिलाई
१७ जून २०२३

चिंधूदादा,
जयभीम.

मुनगा विकला गेला.

मध्ये भूपेंद्रनं लबाडी केली. हिरवंगार रोप लावल्याचा फोटो पाठवला. त्यावर नर्सरीची किमतीची चिठ्ठी तशीच होती. मी उत्तर दिलं नाही. मग एका सकाळी त्याच्या आईचा फोन आला, "फुटलं हो बाई, तुमचं भूत." आम्ही जाऊन पाहिलं. टाकीमागं, फांदीच्या वरच्या टोकाला, मुगाएवढे दोन हिरवे ठिपके. तिनं भोवती काट्या लावल्या होत्या आणि लेकाला तिकडं फिरकू देत नव्हती.

मग सेक्टरच्या रीतीनं मी भूपेंद्रला सगळी वेबसाइट फिरवून दाखवली. या पानावर परभणीचे एक मास्तर येतात, त्यांना दोन ओळींचं उत्तर चालत नाही. या बाई दर सोमवारी तोच प्रश्न विचारतात. त्यांना उत्तर माहीत आहे, तरी द्यायचं. हे साकोलीचे शामसुंदर, यांना "आदरणीय" लिहायचं. तो सगळ्याला "जी काकी, जी काकी" म्हणाला. लिहून काहीच घेतलं नाही.

पैसे ठरल्याप्रमाणे मिळाले, गुंजनचा निम्मा वाटा दिला. ती पुन्हा बोलायला लागली आहे. पण दादा, हे एकदाचे पैसे. आपलं ठरलं होतं दरमहाचं. पुढची वेबसाइट उभी राहायला वर्ष जाईल आणि जून तर संपलाच. मी शब्द दिला होता. पुस्तकं बांधली. भांडी निम्मी वाटून टाकली. नव्या येणाऱ्या बाईंना नळ, खिडकी, पेरू सगळं दाखवलं. मुनग्यापाशी नेलं तेव्हा नुसतं "हा मुनगा" एवढंच म्हणता आलं. त्यांनी विचारलं, "किसने लगाया?" त्याचं उत्तर गुंजननं दिलं.

तीस तारखेच्या बसनं येते. टपावर सायकल घेतात का, ते विचारून ठेव.

सत्यशीला


साकोली
२३ जून २०२३
(स्पीड पोस्ट)

चि. सत्यशीला,
जयभीम.

येण्याची घाई करू नये. खोलीला ओल आली आहे. पंखा फार आवाज करतो. मला तो ऐकू येत नाही, पण वहिनी सांगते. आरसा पडला.

पंधरा दिवस गुंजनकडे राहावे. बांधलेले सामान सोडू नये आणि पाठवूही नये.

बसच्या टपावर सायकल घेत नाहीत. घेत असले तरी घेऊ नये.

चिंधूदादा


भिलाई
१२ जुलै २०२३

चिंधूदादा,
जयभीम.

क्वार्टरची किल्ली दिली. गुंजनकडं राहते आहे. तिच्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं, म्हणून मी दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून बसते.

परवा भूपेंद्र आला. सोबत आई. तो नुसता उभा, बोलली तीच. "बाई, याची वेबसाइट सुकून राहिली. लोक येतेत अन् परत जातेत." मग त्यानं फोन पुढं केला. आलेल्या प्रश्नांना तो एकच उत्तर चिकटवत होता, "आपल्या प्रश्नाबद्दल धन्यवाद." खाली ही तक्रार होती. तुझ्यासाठी उतरवून पाठवते, तुला ती नवीन वाटेल.

"महोदय, पूर्वीच्या बाई उत्तर देत, तेव्हा प्रश्न विचारण्यात अर्थ होता. मी आपणांकडे धन्यवाद मागितले नव्हते, अळीवर औषध मागितले होते. सबब पूर्वीच्या बाईंना योग्य मासिक मानधनावर त्वरित परत नेमावे. मानधन दोन खोल्यांचे भाडे निघून वर थोडे उरेल इतके असावे. अन्यथा आम्ही वाचक येणे बंद करू. आपला, शामसुंदर, मु. पो. साकोली, ता. साकोली, जि. भंडारा, पिन ४४१८०२."

त्याखाली परभणीच्या मास्तरांनी लिहिलंय, "सहमत." सोमवारच्या बाईंनी तर बुधवारी लिहिलं, "मीही."

भूपेंद्र म्हणाला, "काकी, महीने का बांध लेते हैं. जवाब आप दो. और इस शामसुंदर को पहले दो." दोन खोल्यांचं भाडं निघून वर थोडं उरतं. पावर हाउस वस्तीत बाजारामागच्या गल्लीत जागा पाहिली. वर गच्ची आहे, तिथं पत्र्याच्या ड्रममध्ये मुनगा लावीन. म्हणजे मी इथंच राहते आहे.

दादा, तू नाव खोटं घेतलंस, पण पिन कोड खोटा घालायला तुझा हात धजला नाही. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. म्हणून तर तुला "आदरणीय" लिहीत होते, एरवी इतका मान मी तुला कधी दिला?

एकच कळत नाही. मी साकोलीला यावं म्हणून तूच खोली केलीस, खाट केलीस, आरसा लावलास. मी यायला निघाले, आणि तूच मला इथं नोकरी लावून दिलीस. असं का केलंस?

सत्यशीला


साकोली
३ मार्च २०२४

चि. सत्यशीला,
जयभीम.

तू जुलैत एक प्रश्न विचारला होतास. मधल्या पत्रांत मी धानाचे आणि वहिनीच्या दातांचे लिहीत राहिलो. आता उत्तर देतो.

टिकाराम गेला तेव्हा मी भिलाईस आलो होतो. तू बोलत होतीस, बसलेली माणसे मान हलवत होती, आणि मले काहीच ऐकू आलं नाही. तुझा सख्खा भाऊ असून मी नुसता ओठांकडे पाहत राहिलो. तेव्हापासून मनात होतं, हिला इथं आणावं, समोर बसवावं. मग मोहितच्या फोनवर तुझी उत्तरं वाचू लागलो. कोणा बाईला तू लिहिलं होतंस, फांदी लावल्यावर काही दिवस मेल्यासारखी दिसते, उपटून पाहू नका, तिचं आत काम चालू असतं. ते वाचलं अन् मले तुझा आवाज आला. मग मी रोज प्रश्न विचारू लागलो. अळी माझ्याकडं कधीच पडली नव्हती.

इथं आली असतीस तर तुझं ऐकायला मी एकटा, तोही बहिरा. तिकडं तुझं किती लोक ऐकतेत. म्हणून तक्रार दिली. माझ्या आयुष्यात निकाली निघालेली ही पहिली तक्रार.

खोलीला ओल नव्हती. पंखा बरा आहे. खोली तुझीच आहे, उन्हाळ्यात महिनाभर येऊन जावे. आरसा मात्र खरोखर पडला.

आता कामाचे. सरपणाला शेंगा आल्या. फार नाहीत. वहिनी भाजी करायला निघाली होती, मी सुरी काढून घेतली. अंगण माझे असले तरी फांदी टिकारामच्या झाडाची आहे. तुमच्या सेक्टरच्या रीतीप्रमाणे पहिला घमेला लावणाऱ्याच्या घरी जातो. घमेला पार्सलने घेत नाहीत, म्हणून शेंगा फडक्यात गुंडाळून, वर तुझा नवीन पत्ता दोनदा लिहून आजच पाठवल्या आहेत. गोडी कमी वाटल्यास कळवावे, पाणी माझ्याच हातचे आहे.

एक शंका आहे. पहिल्या शेंगा काढल्यावर फांद्या लगेच छाटाव्यात की थांबावे? उत्तर वेबसाइटवर द्यावे, पत्राला अजूनही पाच दिवस लागतात. आणि "आदरणीय" लिहिणे सोडू नये, मोहितच्या बायकोस दाखवायचे असते.

आपला,
शामसुंदर
मु. पो. साकोली, ता. साकोली,
जि. भंडारा, पिन ४४१८०२